शहनाजचं कडं

शहनाजबरोबर मी केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मासा साफ करणं. सकाळी बाजारातून झुबैदी आणला होता. झुबैदी म्हणजे आपला पापलेट, इथे कुवेतमध्ये लोक त्याच्यावर जीव टाकतात. एरवी मासा तिच्याच हातचा, मी फक्त पिशवी आणणारा. पण तेव्हा तिच्या बोटांत जोर राहिला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकचं स्टूल टाकून ती बसली, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, केस तर कधीच गेले होते. मी मोरीपाशी सुरी घेऊन उभा. "अहो, शेपटीकडून काय घालताय? गिअरबॉक्स उघडताय का?" मी म्हटलं, "गिअरबॉक्स उघडायला तरी येतो मला." "मग तसंच समजा. आधी आतलं सगळं बाहेर, पण पित्त फुटू देऊ नका. फुटलं तर अख्खा मासा कडू." पित्त फुटलंच. तिने वासावरून ओळखलं, हसली, आणि हसता हसता खोकली... दुपारी तिने दोन घास खाल्ले नि म्हणाली, मीठ कमी आहे. औषधांनी तिच्या जिभेची चव जाऊन किती महिने झाले होते, तिला मीठ कळणार कुठून? पण म्हणायची सवय होती. मी उठलो आणि वरून मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी तिला इस्पितळात नेलं, ती घरी परत आली नाही.

मी लिहिणारा माणूस नव्हे. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढे बापाने मुंबईला गॅरेजात घातलं आणि तिथून कुवेत. सगळं आयुष्य राईला गेलं. राई म्हणजे कुवेतचा एक भाग, नुसती गॅरेजं, गोदामं आणि शोरूम, सावलीला झाड नाही. हे लिहिलेलं इथल्या एका ओळखीच्या मास्तरांना दाखवलं, त्यांनी शुद्धलेखन सरळ करून दिलं. घरात आम्ही आमच्या कोकणी मुसलमानी बोलीत बोलायचो. तुम्हाला सगळ्यांना कळावं म्हणून इथं सरळ लिहितो. मला एवढंच सांगायचंय की माझी बायको काय काम करायची. लोकांना ते ठाऊक नाही. मलाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

लग्न ठरलं तेव्हा ती बी.एस्सी. झालेली, केमिस्ट्री घेऊन. मित्र म्हणाले, "अरे, ती बी.एस्सी. आणि तू चौथी, जमायचं कसं?" मी म्हटलं, "मी कुवेतला आहे." त्या काळात आमच्याकडे कुवेतला असणं हीच मोठी पदवी होती. निकाह झाला, महिनाभर राहिलो आणि परत आलो. पुढची दहा-बारा वर्षं ती तिकडे माझ्या आईबापाजवळ, मी इकडे एका खोलीत सहा जणांबरोबर. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. तिची पदवी आईच्या ट्रंकेत, लुगड्यांखाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, सगळ्यांच्या घरी तसंच होतं. मग इराकने कुवेत घेतलं, मी वाळवंटातून, जॉर्डनमधून, कसातरी अंगावरच्या कपड्यांनिशी गावी पोचलो. लढाई संपली, कफीलाने, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या मालकाने, परत बोलावलं. मी निघालो तर ही म्हणाली, "या वेळी मी येणार." मी म्हटलं, "तिकडे तेलाच्या विहिरी जळतायत. दिवसा दिवे लावावे लागतात असं म्हणतात." ती म्हणाली, "जो धूर तुम्ही खाल तो मीही खाईन. इथे कोणता अत्तराचा वास येतोय?" तरी कागदपत्रं व्हायला वेळ लागला. ती आणि आमचा मुलगा इरफान आले तोवर विहिरी विझल्या होत्या. अब्बासियात एका मल्याळी कुटुंबाबरोबर अर्धा फ्लॅट घेतला, स्वयंपाकघर सामाईक.

लढाईत इथली एक प्रयोगशाळा पार लुटली गेली होती. नाव सांगत नाही, सांगून काय करायचंय? यंत्रं नेली, काचसामान नेलं, न्यायचं नव्हतं ते फोडलं. ती पुन्हा उभी करायला डॉक्टर हानी म्हणून एक मिसरी गृहस्थ आले होते, मिसरी म्हणजे इजिप्तचे. पोट सुटलेलं, हातात कायम चहाचा छोटा पेला. त्यांना काचसामान धुवायला माणूस हवं होतं. शहनाज गेली. शेजारची एक भाभी तोंडावर बोलली, "बी.एस्सी. होऊन भांडीच घासायची तर घरात काय कमी आहेत?" शहनाज म्हणाली, "भाभी, घरच्या भांड्यात रोज तेच असतं. तिकडच्या भांड्यात काय निघेल ते सांगता येत नाही." धुता धुता ती भरायला लागली, भरता भरता मोजायला लागली, आणि वर्ष-दोन वर्षांत हानींनी तिला एक टेबल दिलं. मला तिने सांगितलं तेव्हा मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "टेबल मिळालं ते ठीक, पण जेवण वेळेवर झालं पाहिजे." ती म्हणाली, "होईल." आणि झालं. शेवटपर्यंत वेळेवर झालं.

संध्याकाळी गॅरेज आटोपून मी तिला आणायला जायचो. गाडीतच बसायचो, हातांना ग्रीस, अंगाला वास, आत कुठे जायचं? एकदा मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजची वेळ टळून गेली तरी ही येईना, तेव्हा वर गेलो. बघतो तर मोठं गोल काचेचं भांडं, पाण्यासारखं काहीतरी काठोकाठ भरलेलं, आत काहीतरी गरगरतंय, आणि वरून एका नळीतून थेंब पडतोय. एक पडला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. आणि ही त्याच्याकडे बघत बसलेली. मी म्हटलं, "आमच्याकडे रेडिएटर एवढा गळला तर गिऱ्हाईक आईबाप काढतं. तू पगार घेऊन गळती बघतेस?" डॉक्टर हानींना तिने अरबीत ते सांगितलं, ते पोट धरून हसले आणि मला चहा दिला. तिथून पुढे मी वर जायला लागलो. ग्रीसचं कुणाला काही वाटत नव्हतं, तिथे सगळ्यांनाच कसला ना कसला वास यायचा.

ती जे करत होती ते मी माझ्या शब्दात सांगतो, चुकलं तर माझं चुकलं. डोळ्यांना दिसणार नाही एवढं बारीक कडं बनवायचं, गोल, मध्ये पोकळ. देवाने बनवलेली अशी कडी असतात, पिठातून निघतात, पण हानींना माणसाने बनवलेलं हवं होतं, पाहिजे त्या मापाचं. एक धागा असतो असं समजा, त्याच्या दोन्ही टोकांना आकडे. दोन टोकं एकमेकांत अडकली की झालं कडं. मी म्हटलं, "एवढंच? मग ओता की सगळं एकदम." ती म्हणाली, "एकदम ओतलं तर गर्दी होते. गर्दीत ह्याचा आकडा शेजारच्याला अडकतो, त्याचा त्याच्या शेजारच्याला, लांबच लांब साखळी होते आणि खाली काळं डांबर बसतं. एकेकाला एवढ्या मोठ्या भांड्यात एकटं सोडायचं. धरायला दुसरं कुणी सापडलंच नाही, की तो वळतो आणि स्वतःचंच शेपूट धरतो." मी म्हटलं, "म्हणजे एकटा पडला की शहाणा होतो." "शहाणा नाही हो," ती म्हणाली, "गोल होतो." तेव्हा हसलो होतो. आता घरात एकटा बसतो, तर ना शहाणा झालोय, ना गोल. तिचं ते सगळं धाग्यांना लागू असेल, माणसांना नाही.

आणि त्या कड्याचं करायचं काय? हे मी तिला एकदा फिंतासला समुद्राकाठी विचारलं. त्या दिवशी तिचं तोंड पडलेलं होतं. पहिलं कडं त्यांनी केलं होतं शिशासाठी. शिसं अंगात गेलं की विष, ते कड्याने पकडावं आणि लघवीवाटे बाहेर न्यावं, असा बेत. कडं झालं, पण ते शिसं सोडून अंगाला लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, तोच धरून बसायचं. दोन-अडीच वर्षांचं काम बाजूला ठेवावं लागलं. ती वाळूत बोट फिरवत म्हणाली, "तुमचं इंजिन चालू नाही झालं तर तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "शिव्या देतो, मग परत उघडतो." "मला शिव्या येत नाहीत." "मी देऊ का? कुणाला द्यायच्या सांग." "चुन्याला," ती म्हणाली. मी समुद्राकडे तोंड करून चुन्याच्या सात पिढ्या काढल्या. ती इतकी हसली की शेजारी चटईवर बसलेलं एक अरब कुटुंब वळून बघायला लागलं. मग म्हणाली, आता दुसरं कडं करणार आहोत, औषध नेणारं. काही औषधं चांगली जालीम असतात पण पाण्यात विरघळतच नाहीत, आणि रक्त म्हणजे तर पाणीच. मग ती नसेतून द्यायची कशी? कड्याची बाहेरची बाजू पाण्याशी दोस्ती करणारी, आतली तेलकट. औषध आत जाऊन बसतं, कडं रक्तातून चालू लागतं. मी म्हटलं, "म्हणजे डबा. तुम्ही डबेवाले." "हो." "आणि डब्यात जेवण?" "ते दुसरे करतात." "मग नुसता रिकामा डबा घेऊन काय नाचायचंय?" तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डाळ काय ओंजळीतून नेतात?"

वर्षं गेली. इरफान शिकला, कॅनडाला गेला, फोनवर इंग्रजीतून बोलायला लागला. आम्ही आपल्या बोलीत विचारायचं, त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, मधे शहनाज. दुसरं कडंही कधी व्हायचं, कधी डांबर. झालं की त्याची पांढरी पूड निघायची, मिठासारखी, पण बाटलीच्या तळाला चिमूटभर. आणि मग ती पूड रक्ताबरोबर ठेवून बघायची. माणसाच्या अंगात नाही, काचेच्या नळीत. कड्याने रक्ताच्या लाल पेशी फुटतात का ते पाहायचं. फुटल्या तर ते कडं कामाचं नाही. त्यासाठी ताजं रक्त लागायचं, निरोगी माणसाचं, ज्याला कसलं औषध चालू नाही अशाचं. लॅबमधली माणसं आळीपाळीने द्यायची, आणि सगळ्यात पुढे ही. कोपराच्या घडीत काळानिळा डाग घेऊन यायची. मला राग यायचा. "घरात डाळीला पाणी आणि लॅबला रक्त?" ती म्हणायची, "दोन चमचे तर काढतात. तुम्ही दाढी करताना याहून जास्त सांडता." डाग मिरवायची मात्र. बांगड्या वर सारून शेजारच्या भाभीला दाखवायची, जसं काही दागिनाच केलाय.

मग तिला गाठ आली. कुठे ते सांगत नाही, बायकांचा आजार. कापली, बरी झाली, पुन्हा कामाला लागली. वर्षभराने गाठ अंगात दुसरीकडे निघाली, तेव्हा डॉक्टरांनी जालीम औषध सुरू केलं. पहिल्या दिवशी मी जवळ होतो. वर पिशवी टांगलेली, नळी, थेंब... एक पडला, मग दुसरा. थोड्याच वेळात तिचं तोंड लाल झालं, श्वास कोंडला, नर्स धावल्या, नळी बंद केली. जरा बरं वाटल्यावर ती काय म्हणाली असेल? अल्लाचं नाव नाही, माझं नाही, इरफानचं नाही. म्हणाली, "बघितलंत? हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून एका तेलकट द्रावणात घालून देतात. बहुतेक त्या तेलाचाच त्रास झाला. यालाच आमच्यासारखा डबा हवा." एवढं बोलून तिने डोळे मिटले. नर्सने आधी दुसरी सुई दिली, नळी पुन्हा सुरू केली, आणि ही डोळे मिटूनच म्हणते, "सिस्टर, अजून सावकाश."

माझ्या डोक्यात ते बसलं. औषध इथे, डबा तिथे, आणि मधे गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. मी गॅरेजवाला. माझ्या दृष्टीने पार्ट शेल्फवर आहे आणि गाडी दारात बंद पडली आहे, मग लावा की. कॅनडाला इरफानला फोन केला. तो म्हणाला, "डॅड, इट डझन्ट वर्क लाइक दॅट." मी फोन ठेवला आणि तसाच हानींकडे गेलो. ते एकटेच होते. मी अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत सांगितलं, "डॉक्टर, शहनाजची पूड द्या. मला कंपनीचा ओरिजिनल नको, तुमचा लोकल चालेल." ते हसले नाहीत. मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "ते औषध नाही. अजून उंदराच्या पलीकडे गेलेलं नाही. उंदरांतही थोड्याच. त्याच्या आधीचीसुद्धा तपासणी पुरी झालेली नाही, काचेतल्या रक्तावर प्रत्येक नवी पूड बघावी लागते. माणसाला द्यायला अजून पंधरा वर्षं लागतील, वीस लागतील. कदाचित कधीच नाही." मी विचारलं, "मग माझ्या बायकोने इतकी वर्षं काय केलं?" त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला. मी आणखी एक विचारलं, बरेच दिवस पोटात होतं ते. "या तुमच्या वासाने तिला हे झालं का?" ते म्हणाले, "माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. मीही रोज विचार करतो." निदान खोटं बोलले नाहीत. पण माझं डोकं फिरलं होतं. मी उभा राहून म्हणालो, "जितं माणूस तिकडे पडलंय आणि तुम्ही काचेतल्या रक्ताच्या गोष्टी सांगता. घाला ती कडी चुलीत." चहा तसाच ठेवून निघालो. बोललो ते बोललो. त्या वेळी मला तसंच वाटत होतं.

हानी दुसऱ्या दिवशी तिला भेटायला गेले आणि त्यांनी सांगितलंच. मी पोचलो तर ही उशीला टेकून वाट बघत होती. "तुम्ही लॅबमध्ये जाऊन मागितलंत?" "मागितलं. हक्काने मागितलं. माझ्या बायकोने केलेलं आहे." "मी केलंय म्हणूनच सांगते, माझ्या अंगात घालायचं नाही. त्यात काय काय राहून गेलंय ते मला ठाऊक आहे." मी म्हटलं, "थोडं राहिलं असेल तर राहू दे." "तुम्ही ब्रेक न तपासता गाडी देता गिऱ्हाईकाला?" "मरायला टेकलेलं माणूस ब्रेक बघत नाही, शहनाज!" असं मी तिच्या तोंडावर म्हणालो. मरण हा शब्द तोवर आम्ही दोघांनी उच्चारला नव्हता. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "मी बघते." आणि थोड्या वेळाने, माझा हात धरून, "अहो, मला केसांचं काही वाटलं नाही. पण आता माझं रक्त चालत नाही. औषधांनी भरलंय. गेल्या खेपेला मी एक पूड केली, चांगली निघाली, इतकी पांढरी कधी निघाली नव्हती. ती तशीच पडलीय. ते लोक म्हणतात, तू बरी होऊन ये, मग बघू. मी कधी बरी होणार?" मी खिडकीबाहेर बघत बसलो. तिला स्वतःसाठी त्या कड्याकडून काही नको होतं. मला हवं होतं. मला ते तिच्यासाठी हवं होतं, आणि ती म्हणत होती, त्याला अजून तपासायचंय... आमचं भांडण मिटलं नाही. ती घरी आली, अंगात थोडी ताकद आली, मासा झाला, पुन्हा इस्पितळ झालं, आणि तिथे एका सकाळी, मी खाली नाश्ता आणायला गेलो असताना, ती गेली.

अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर दफन झालं. इथे सगळं झटपट होतं, सरकारी माणसं, सरकारी गाडी, कबरीवर नाव नाही, नुसता नंबर. इरफानला विमान मिळेना, तो दोन दिवसांनी पोचायचा होता. राईचे सगळे आले होते, पठाण, बंगाली, आपले कोकणचे. डॉक्टर हानी मागे उभे होते, त्यांनीही मूठभर माती टाकली. मला मिठी मारायला पुढे आले, पण मी हात मिळवला, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फजरची नमाज झाल्यापासून घर माणसांनी भरलं. तीन दिवस घरात चूल पेटवायची नाही म्हणून जो तो डबे घेऊन येत होता. आतल्या खोलीत बायका पठण करत होत्या. बाहेर पुरुष माझ्याभोवती बसले होते, आणि मी इतका एकटा होतो की कुणी बोललं की दचकायचो. एक लांबचे नातेवाईक, सालमियाला राहणारे, आपले जवळ सरकून म्हणाले, "चाचा, बिचारी त्या लॅबमध्ये वास घेत राहिली, म्हणून झालं हे. आणि हाती काय आलं? काहीच नाही." चांगल्या मनाने म्हणाले. हेच मी हानींना विचारलं होतं, याच शब्दांत. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि ते मला सहन झालं नाही. मी उठलो. म्हणालो, "जरा येतो." कुणी अडवलं नाही, सगळ्यांना वाटलं कबरस्तानात चाललाय.

लॅबमध्ये मला बघून हानी खुर्चीतून उठलेच. मी चपला काढल्या नाहीत, सलाम केला आणि बाही वर केली. म्हटलं, "तिची ती पांढरी पूड तपासायची राहिलीय. रक्त घ्या." ते म्हणाले, "आज नको. आज तुम्ही घरी असायला हवं." मी म्हटलं, "घरात चाळीस माणसं आहेत. माझी तिथे गरज नाही." त्यांनी विचारलं, "साखर? दाब? काही गोळी?" "एकही नाही. म्हातारा आहे, पण निरोगी म्हातारा आहे. तिच्याच हातचं खाल्लंय." मग त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. केरळची एक मुलगी तिथे होती, शहनाजच्याच हाताखाली शिकलेली. तिने एका कागदावर माझी सही घेतली, माझ्या दंडाला रबर बांधलं आणि सुई घातली. तिचे डोळे भरलेले होते, पण हात हलला नाही. दोन चमचेसुद्धा नसेल. शहनाज खरं सांगत होती.

रक्त धुऊन घेतलं, नुसत्या लाल पेशी उरल्या, त्या तीन नळ्यांत घातल्या. पुडीची बाटली हानींनी स्वतः कपाटातून आणली. बाटलीवर शहनाजच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं, इंग्रजीत, मी वाचू शकलो नाही आणि विचारलंही नाही. एका नळीत जास्त पूड, एकीत मध्यम, एकीत कमी. नळ्या कोमट पाण्यात ठेवल्या. थांबायचं होतं. मी तिच्या टेबलापाशी बसून राहिलो, आणि सकाळपासून पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं. माझं रक्त आणि तिचं कडं तिथे कोमट पाण्यात एकत्र होते. मग नळ्या यंत्रात फिरवल्या आणि हानींनी त्या खिडकीजवळ धरल्या. कमीतलं आणि मध्यमातलं वरचं पाणी स्वच्छ होतं, रक्त गुपचूप तळाला. जास्त पूड घातलेल्या नळीत वरचं पाणी गुलाबी झालं होतं.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे मोठ्या मापाला पेशी फुटतात," हानी म्हणाले. "लहान मापाला सांभाळतात. हे वाईट नाही. पण एकदा बघून धरत नाहीत. मधली मापं घेऊन पुन्हा करावं लागेल."

"मग करा."

"करू. पण आज काढलं होतं ते संपलं. ताजं लागेल. पुढच्या आठवड्यात बघू."

"पुढचा आठवडा कशाला?" मी म्हटलं, आणि दुसऱ्या हाताची बाही वर केली.